कोठडीतला मृत्यू: फौजदारी खटला की भरपाईची याचिका?

भाऊ पोलिस कोठडीत दगावला, आता फौजदारी लढू की हायकोर्टात भरपाई मागू, असं एका वाचकाने विचारलंय. दोन्ही एकदम चालतात, पण पैसा आणि दम तुटपुंजा असेल तर आधी काय, हे ठरवावंच लागतं.

लगाम कुणाच्या हातात? खटल्यात तपास आणि सरकारी वकील दोन्ही सरकारचे. खटल्याची मंजुरी लागली तर तीही सरकारकडूनच. नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर ती मिळाल्याचं धरतात, एवढाच दिलासा. याचिकेत सरकार समोरचा पक्षकार असतं, न्यायाधीश नव्हे.

पुरावा? खटल्यात नेमका कुणी मारलं, हे संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं. याचिकेत माणूस कोठडीत होता आणि अंगावर जखमा होत्या, इथूनच सरकारला उत्तर द्यावं लागतं. ओडिशातल्या नीलाबती बेहरा यांनी मुलासाठी सर्वोच्च न्यायालयाला नुसतं पत्र लिहिलं होतं. १९९३ मध्ये दीड लाख मिळाले.

सत्ताबदलाची आशा धरू नका. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीवरचा श्रीकृष्ण आयोगाचा चौकशी अहवाल शिवसेना-भाजप युतीने १९९८ मध्ये फेटाळला. १९९९ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी आली, तरी दंगलीतल्या बेपत्तांच्या उरलेल्या कुटुंबांना २ लाख व्याजासह द्या, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं.

घर चालवायचं असेल तर याचिका आधी. दोषीची वर्दी उतरवायची असेल आणि साक्षीदार टिकणारा असेल, तर खटला. शवविच्छेदन अहवालाची प्रत मात्र आजच मागा.