‘रिॲलिटी’ आधी बघावा की ‘बेलिस्सिमा’?

एकच संध्याकाळ हाताशी आहे आणि प्रसिद्धीच्या खुळावरचा इटालियन चित्रपट बघायचाय, तर माझ्या मते निवड दोघांतच आहे. मत्तेओ गार्रोनेचा ‘रिॲलिटी’ (२०१२) आणि लुकिनो व्हिस्कोन्तीचा ‘बेलिस्सिमा’ (१९५१). मध्ये साठेक वर्षं गेली, पण दोन्हीकडची माणसं शेवटी रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओच्या फाटकाशीच येऊन उभी राहतात.

‘रिॲलिटी’चा लुचानो नेपल्सचा मासेवाला. चौकात मासळीचा गाळा, जोडीला बायकोबरोबर स्वयंपाकघरातल्या यंत्रांच्या विक्रीची बारीकशी लबाडी, घरात मोठं खटलं. लग्नकार्यात सोंग काढून लोकांना हसवायचं, ही त्याची हौस. पोरींच्या हट्टापायी तो ‘ग्रांदे फ्रातेल्लो’ची, म्हणजे इटलीतल्या ‘बिग बॉस’ची, चाचणी देतो. पुढच्या चाचणीला रोमहून बोलावणं येतं. तिथून तो परततो तेव्हा गल्लीला वाटतं, झालंच काम. मग तो फोनची वाट बघत बसतो.

‘बिग बॉस’ बघणाऱ्याने इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्याकडे हिंदीत २००६पासून आणि मराठीत २०१८पासून त्या घरात जाणारे बहुतेक जण आधीच थोडेफार नावाजलेले असतात. इटलीत २००० साली हा खेळ सुरू झाला तो अनोळखी, साध्या माणसांना घेऊन. त्यामुळे ‘मग मी का नाही?’ हा प्रश्न मासेवाल्याला पडणं तिथे अजिबात वेडेपणाचं नव्हतं. वेडेपणा नंतर सुरू होतो.

‘बेलिस्सिमा’तली मद्दालेना घरोघर जाऊन इंजेक्शनं देणारी बाई. एका चित्रपटासाठी सहा ते आठ वर्षांची मुलगी हवी आहे, हे कळल्यावर ती आपल्या मारियाला घेऊन धावते. नाचाची शिकवणी, अभिनयाच्या बाई, नवे कपडे, फोटो. जपून ठेवलेला पैसा पाण्यासारखा जातो. स्टुडिओत वट असल्याचं सांगणारा एक तरुण ‘वरच्यांना खूश ठेवायला’ म्हणून पन्नास हजार लिरा घेतो आणि स्वतःसाठी लॅम्ब्रेटा स्कूटर विकत आणतो. हा गृहस्थ आपल्याला नवा नाही.

मद्दालेना झालीय आन्ना मान्यानी. खरं सांगायचं तर, तिच्या एकटीसाठीही हा चित्रपट बघावा. ती सगळ्यांच्या वरताण बोलते, भांडते, नवऱ्यावर डाफरते, आणि आरशासमोर केस विंचरता विंचरता मध्येच थबकून म्हणते की अभिनय म्हणजे तरी काय, मी स्वतःला दुसरीच कुणी समजले तर झालाच की अभिनय. मग कळतं की मुलीच्या आडून कुणाची हौस चाललीय ते. कथा चेझारे झावात्तिनीची. त्यात मुलगी निवडणारा दिग्दर्शक म्हणून खराखुरा दिग्दर्शक आलेस्सांद्रो ब्लासेत्ती स्वतःच्याच भूमिकेत आहे, आणि तो दिसला की पार्श्वसंगीतात दोनिझेत्तीच्या ऑपेरातल्या भोंदू वैदूची धून वाजते. व्हिस्कोन्तीचा हा चिमटा मला भारी आवडतो.

‘रिॲलिटी’च्या नायकामागे मात्र एक अख्खी वेगळी कहाणी आहे. आनिएल्लो आरेना जन्मठेपेचा कैदी. तो व्होल्तेर्राच्या तुरुंगातल्या नाटकमंडळीत तयार झाला. चित्रीकरणासाठी त्याला बाहेर यायची परवानगी मिळत होती. चित्रपटाला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री हा पुरस्कार मिळाला तेव्हा नायक तिथे नव्हता. चोवीस तास पाळतीखाली राहण्यासाठी तडफडणारा माणूस अशा नटाने उभा केलाय, हे माहीत असल्यावर त्याचे ते भाबडे, भिरभिरणारे डोळे वेगळेच दिसू लागतात.

सुरुवातीचं लग्न लक्ष देऊन बघा. आकाशातून खाली नेपल्स, मग सोनेरी घोडागाडी, भडक हॉल, हेलिकॉप्टर आणि ‘ग्रांदे फ्रातेल्लो’चा जुना स्पर्धक एन्झो. आणि लगेच त्यानंतर घर: पोपडे निघालेल्या जुन्या वाड्यात सगळं कुटुंब लग्नाचे कपडे उतरवतंय. घट्ट कापडातून थुलथुलीत, दमलेली शरीरं मोकळी होतायत. कुणी फारसं बोलत नाही. एवढ्या दोन-चार मिनिटांत पुढचा सगळा चित्रपट येऊन गेलेला असतो.

फरक कुठे आहे? ‘बेलिस्सिमा’त नकार ऐकू येतो. पडद्यावर मारिया केकवरच्या मेणबत्त्या फुंकता फुंकता रडू लागते, सिनेमावाले खदाखदा हसतात आणि प्रोजेक्टरच्या खोलीत लपलेली आई ते सगळं बघते. तिला राग कुणावर काढायचा ते कळतं. लुचानोला कुणी ‘नाही’ म्हणतच नाही. फोन येत नाही, एवढंच. मग गाळ्यावर दोन अनोळखी बायका आल्या की त्याला वाटतं, त्या टीव्हीवाल्यांनी त्याला पारखायला पाठवलेल्या, भिकाऱ्याला हाकललं तर तोही त्यांचाच माणूस असणार. म्हणून दानधर्म सुरू, घरातलं सामान वाटणं सुरू. भिंतीवर रातकिडा बसला तर लुचानो त्याच्याकडेही संशयाने बघतो. इथपर्यंत आपण हसत आलेलो असतो आणि पुढे हसू येत नाही. उत्तरार्ध थोडा रेंगाळतो, हेही खरं. पण वाट बघणं रेंगाळणारच.

म्हणून माझा कौल असा: भरपूर आरडाओरडा, रडू, आईची माया आणि मन मोकळं करणारा संताप हवा असेल तर ‘बेलिस्सिमा’. कृष्णधवलचा कंटाळा असणाऱ्यांनीही पहिली दहा मिनिटं तग धरावा, नंतरचं मान्यानी बघते. उपहास हवा आणि तो अंगावर आला तरी चालणार असेल तर ‘रिॲलिटी’. दोन्ही बघणार असाल तर ‘बेलिस्सिमा’ आधी. उलट क्रमाने बघितलं तर मद्दालेनाचा संताप जुन्या काळातली चैन वाटू लागतो, माझं तसंच झालं. सबटायटलं दोन्हीकडे लागतीलच. एकात नेपल्सची बोली, दुसऱ्यात रोमची, आणि सगळे एकदम बोलतात.

शेवट दोन्हींचे सांगत नाही. ‘रिॲलिटी’ संपवून दिवा मालवला तेव्हा ट्यूबलाइटमागे पाल चुकचुकली आणि मी उगाच केसांवरून हात फिरवला.