आयात मशीन की परदेशी कंपनीची ऑर्डर? वाळूज-शेंद्र्याच्या वर्कशॉपसाठी तुलना

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला 1985 पासून बजाज, शेंद्र्यात 2001 पासून स्कोडा. भोवतीच्या छोट्या वर्कशॉपकडे परदेशी तंत्र येतं ते मुख्यतः दोन वाटांनी: आयात मशीन किंवा परदेशी कंपनीची ऑर्डर.

आयात सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) घेतली की सायकल टाइम, म्हणजे एका पार्टला लागणारा वेळ, लगेच उतरतो. शिस्त मात्र मशीनसोबत येत नाही. कूलंटमध्ये (कापताना थंडावा देणाऱ्या द्रवात) बोअरचं जड पाणी ओतलं की क्षार साचतात. ऑफसेट (टूलच्या मापाची मशीनमध्ये भरायची दुरुस्ती) एकाच ऑपरेटरला ठाऊक, तो सुटीवर गेला की स्क्रॅप वाढलंच.

परदेशी कंपनीचे व्हेंडर (पुरवठादार) झालात तर पहिल्याच पार्टला पीपीएपीची, म्हणजे पार्ट मंजूर करून घ्यायची, फाइल मागतात: कंट्रोल प्लॅन (काय, कसं तपासायचं ते), एफएमईए (कुठे काय बिघडू शकतं ते), सीपीके (माप मर्यादेत किती सुरक्षित बसतं याचा आकडा, मोठा तितका चांगला). समजा टॉलरन्स (मापातला चालणारा फरक) ±0.02 मिमी, सिग्मा (मापांचा पसारा) 0.005. माप मधोमध असेल तर सीपीके 1.33. टूल झिजून सरासरी 0.01 ने सरकली की थेट 0.67. तरी बहुतेक पार्ट गेजमध्ये (माप तपासायच्या साधनात) पास होतात, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही! हे वेळीच ओळखायची सवय जुन्या लेथवरही कामी येते, दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मालातही. त्यामुळे पैसा एकाच गोष्टीपुरता असेल तर आधी ऑर्डर धरावी.

तोटेही आहेत. दरकपातीचा तगादा सुटत नाही आणि ड्रॉइंग त्यांचंच, त्यामुळे डिझाइन शिकायला मिळत नाही.