दोन संगणकांचं एक विमान : वाइडएफएससोबत काढलेलं वर्ष

२०२४च्या गणपतीत आरास काढल्यावर मधली खोली रिकामी झाली आणि मी तिच्यावर ताबा मिळवला. आता पुढचे गणपती तोंडावर आलेत, म्हणजे वर्ष व्हायला आलं. दोन संगणक वाइडएफएसने जोडून पडद्यावरचं विमान उडवायचा बेत असेल, किंवा जोडलेले संगणक अचानक एकमेकांना ओळखेनासे झाले असतील, तर हे सगळं वाचा. नसेल तर खूप लांबण आहे, आधीच सांगतो.

मांडणी साधी आहे. मुख्य संगणकावर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० हा विमान उडवायचा खेळ, विंडोज ११ वर. त्याच्या मोठ्या पडद्यावर फक्त बाहेरचं दृश्य. शेजारी जुना आठ जीबीचा संगणक, विंडोज १० वाला, त्याला आडवा टाकलेला मॉनिटर. सेसना १७२ या छोट्या विमानाची वेग, उंची वगैरे दाखवणारी सहा घड्याळं त्यावर. ही घड्याळं भाच्याने पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहून दिली. मुख्य संगणकावर एफएसयूआयपीसी७, म्हणजे सिम्युलेटरमधले आकडे बाहेरच्या प्रोग्रामांना वाचू देणारा दुवा. त्यातच वाइडएफएसचा सर्व्हर असतो, तो हे आकडे दुसऱ्या संगणकाला पुरवतो. जुन्या संगणकावर वाइडक्लायंट नावाचा चिमुकला प्रोग्राम. त्याचं काम एवढंच, की घड्याळांना वाटायला हवं सिम्युलेटर याच डब्यात चालू आहे.

आत काय चालतं ते एका उदाहरणाने सांगतो. विमानाचा वेग एफएसयूआयपीसीमध्ये ०२बीसी या पत्त्यावर असतो आणि तो नॉट्सच्या १२८ पट करून ठेवलेला असतो. ९० नॉट्स असतील तर तिथे ११,५२० दिसणार. भाच्याचा प्रोग्राम तो आकडा उचलतो, १२८ ने भागतो आणि काटा फिरवतो. केबलमधून जातं ते असे चारदोन आकडे, चित्रं नव्हेत. त्यामुळे याला फार वेगवान नेटवर्क लागत नाही. लागतं ते न तुटणारं.

आता कौतुक. वाइडएफएस पीट डाऊसन यांचं, एफएस९८ या जुन्या फ्लाइट सिम्युलेटरच्या काळापासूनचं. आता काम जॉन डाऊसन बघतात. इतकं जुनं असूनही चालू असताना त्याचा पत्ताच लागत नाही. पुण्याहून निघून लोणावळ्याचा घाट ओलांडत मुंबईच्या सत्तावीस नंबरच्या धावपट्टीवर उतरताना उंचीचा काटा आणि बाहेरचा डोंगर यांच्यात मला तरी कधी अंतर जाणवलं नाही. वाइडक्लायंटला सांगून ठेवता येतं की जोडणी झाल्यावरच अमुक प्रोग्राम उघड. त्यामुळे मी जुना संगणक नुसता सुरू करतो, पुढचं आपोआप.

तक्रारीही आहेत. एफएसयूआयपीसीचं लायसन्स वेगळं, वाइडएफएसचं वेगळं. एक घेतलं म्हणजे दोन्ही मिळालं असं समजून मी एक संध्याकाळ वाया घालवली. मॅन्युअल उत्तम आहे पण गणिताच्या पुस्तकासारखं, पानावर पान अक्षरं. आणि फ्रेम्स, म्हणजे पडद्यावर दर सेकंदाला उमटणारी चित्रं, वाढतील या आशेने कुणी दुसरा संगणक जोडणार असेल तर थांबा, माझ्याकडे जेमतेम तीनचार वाढल्या. दुसरा पडदा हवा तो हातासमोर खरी घड्याळं असल्याचं समाधान मिळावं म्हणून. ते मात्र भरपूर मिळतं.

आता दुखण्यांकडे वळू.

पहिलं दिवाळीनंतर सुरू झालं. उडता उडता घड्याळं गोठायची. वेग ९५ वर, उंची ३,२०० वर, आणि बाहेर विमान मजेत खाली चाललंय. दहापंधरा सेकंदांनी सगळे काटे एकदम उडी मारून जागेवर यायचे. मी आधी जुन्या संगणकाच्या नेटवर्क कार्डाचं वीजबचतीचं खातं बंद केलं, म्हणजे डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावे’ या अर्थाची जी खूण असते ती काढली. ती काढायलाच हवी, पण आजार तो नव्हता. शेवटी लक्षात आलं, ही चहा घेऊन आत आली की घड्याळं गोठतात! योगायोग म्हणून सोडून दिलं असतं, पण सलग तीन दिवस? केबल मी स्वतः दाराच्या उंबऱ्यावरून घेतली होती आणि दार उघडताना ती चेपली जात होती.

नेटवर्कच्या स्टेटस खिडकीत वेग पाहिला तर एक गिगाबिटऐवजी १०० मेगाबिट. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एखादी तार तुटली की जोडणी बऱ्याचदा मरत नाही, १०० वर उतरून गुपचूप चालत राहते. दार हललं की संपर्क पूर्ण जायचा, मग दोन्हीकडचे पोर्ट नव्याने बोलणी करायचे, तेवढा वेळ काटे स्तब्ध. टोक कापलं, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी अशा क्रमाने तारा लावून नवं क्रिम्पिंग केलं, केबल भिंतीच्या कडेने पट्टीतून नेली. खेळ संपला.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण, याच अनुभवाने पुढे माझा घात केला.

मार्च २०२५, पाडव्याच्या आधीचा शनिवार. मुख्य संगणकाने आदल्या रात्री विंडोजचं मोठं अपडेट घेतलं होतं, २४एच२. सकाळी दोन्ही संगणक सुरू केले. मुख्यवर सिम्युलेटर उघडलं, एफएसयूआयपीसी हिरवं. जुन्या संगणकाचा पडदा काळा. वाइडक्लायंटच्या शीर्षकपट्टीत ‘जोडणीची वाट पाहतोय’ एवढंच, आणि ते तासभर तसंच.

माझा हात थेट केबलवर गेला. बदलली. हॉलमधल्या नेटवर्क स्विचचा, म्हणजे केबली एकत्र जोडणाऱ्या डब्याचा, पोर्ट बदलला. मग स्विचच वगळून दोन्ही केबली राउटरला लावल्या. दुपारचं जेवण झालं, काळा पडदा तसाच. नाशिकच्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, “अरे, राउटर मध्ये आणूच नकोस, दोघांमध्ये सरळ एक केबल टाक.” टाकली. आता दोन्हीकडे १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते. म्हणजे पत्ते वाटणारं कुणी नाही, संगणकांनी स्वतःच काहीतरी घेतलंय. आणि विंडोजने त्या जोडणीला ‘अनोळखी नेटवर्क’ ठरवून सार्वजनिक खात्यात टाकलं, तिथे बाहेरचा संपर्क अडवणारी फायरवॉल आणखी कडक. एकाचे दोन प्रश्न झाले. ती केबल काढून आधीसारखं केलं.

संध्याकाळी डोकं जरा थंड झाल्यावर कागद घेऊन बसलो. पिंग केलं, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्याला छोटा निरोप पाठवून पाहिला, दोन्ही बाजूंनी उत्तर येतंय, एकही पॅकेट हरवत नाही. म्हणजे केबल, स्विच, राउटर निर्दोष. हे मी सकाळी दहा वाजता एका मिनिटात करू शकलो असतो. नेटवर्कचं खातं पाहिलं, दोन्हीकडे खासगी. फायरवॉल दोन मिनिटं बंद करून पाहिली, काळा पडदा काळाच. लगेच परत चालू केली. वर्कग्रुपचं, म्हणजे विंडोजमधल्या संगणकांच्या गटाचं, नाव दोन्हीकडे एकच.

मग सहज म्हणून जुन्या संगणकावर लिटल नॅव्हमॅप उघडला. हा फुकटचा नकाशा आहे आणि तो मुख्य संगणकावरच्या लिटल नॅव्हकनेक्ट या जोडप्रोग्रामशी ५१९६८ या पोर्टवरून, म्हणजे त्या क्रमांकाच्या ठरलेल्या दारातून, बोलतो. उघडल्या क्षणी नकाशावर माझं विमान लोहगावच्या धावपट्टीवर उभं. मी बघतच राहिलो. त्याच दोन संगणकांत, त्याच केबलवरून, एक प्रोग्राम गप्पा मारतोय आणि दुसरा कानात बोळे घालून बसलाय. दोघांत फरक काय? नॅव्हमॅपमध्ये मुख्य संगणकाचा पत्ता मी हाताने भरला होता. वाइडक्लायंटमध्ये काहीच भरलं नव्हतं. पहिल्या दिवशी ते आपोआप जोडलं गेलं होतं, आणि चालतंय ना, मग हात कशाला लावा.

वाइडक्लायंट आपल्या कामाची नोंद ठेवतो ती लॉग फाइल उघडली. पत्ता चुकला असता किंवा वाट अडली असती तर तिथे १००६० किंवा १००६१ ही चूक दिसायला हवी होती. विंडोजच्या भाषेत १००६० म्हणजे हाक मारली पण उत्तरच आलं नाही. बहुतेक वेळा फायरवॉल किंवा चुकीचा पत्ता. १००६१ म्हणजे घरी पोहोचलो पण त्या दारावर कुणी बसलेलं नाही. सर्व्हर चालू नाही. माझ्या लॉगमध्ये दोन्ही नव्हतं. त्याने हाकच मारली नव्हती! कुणाला मारायची तेच त्याला माहीत नव्हतं. खात्री करायला पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा द्यायच्या खिडकीतून मुख्य संगणकाचं ८००२ पोर्ट तपासलं, टेस्ट-नेटकनेक्शन या आज्ञेने. उत्तराच्या शेवटी ‘ट्रू’. दार उघडं, सर्व्हर जागा.

मग उलगडलं. पत्ता दिला नसेल तर वाइडएफएसचा सर्व्हर ‘मी इथे आहे’ अशी आरोळी नेटवर्कवर ठोकत असतो आणि क्लायंट ती ऐकून जोडला जातो. ही आरोळी जाते मेलस्लॉट नावाच्या यंत्रणेतून, जी एमएस-डॉसच्या काळातली आहे. कोण बोलतंय याची धड शहानिशा ती करत नाही. म्हणून २४एच२ पासून दूरच्या संगणकांसाठीचे मेलस्लॉट मुळातच बंद ठेवलेले आहेत. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, माझी त्याबद्दल काही कुरकुर नाही. ते पुन्हा चालू करता येतात, पण आपल्या सहा काट्यांसाठी घराची जुनी खिडकी कशाला उघडी ठेवायची? मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय की सर्व्हरचा पत्ता स्वतः द्यावा. वाचायचं काम माझं होतं.

उपाय दोन ओळींचा. वाइडक्लायंटच्या आयएनआय म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, कॉन्फिग या भागाखाली, सर्व्हरआयपीअॅड्र बरोबर १९२.१६८.१.७ (हा माझ्या मुख्य संगणकाचा पत्ता) आणि प्रोटोकॉल बरोबर टीसीपी, अर्थात इंग्रजी अक्षरांत. इथेही मी घाई केलीच. आधी फक्त पत्ता लिहिला, प्रोटोकॉल नाही. काहीही झालं नाही. पत्ता आणि प्रोटोकॉल दोन्ही दिल्याशिवाय तो हाताने दिलेला पत्ता धरत नाही. दुसरी ओळ टाकली, फाइल सेव्ह केली, वाइडक्लायंट पुन्हा सुरू केला. शीर्षकपट्टीतले शब्द बदलले, काळ्या पडद्यावर सहा घड्याळं उगवली. रात्रीचे साडेनऊ. आतून आवाज आला, “उतरलं का विमान? पोळ्या गार झाल्या.”

पुढे दोनतीन आठवड्यांनी परत काळा पडदा. पण यावेळी केबलला हात लावला नाही. थेट लॉग उघडली, १००६०. हाक मारतोय, उत्तर नाही. गुरुवारी दिवसभर लाईट नव्हती, राउटर बंद होऊन चालू झाला आणि त्याने मुख्य संगणकाला ७ ऐवजी ९ क्रमांकाचा पत्ता वाटला. क्लायंट बिचारा जुन्या पत्त्यावर जाऊन कडी वाजवत बसलेला. राउटरच्या सेटिंगमध्ये मुख्य संगणकाच्या मॅक पत्त्यासाठी, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या ओळखक्रमांकासाठी, ७ क्रमांक कायमचा राखून ठेवला. एकूण वेळ सहा मिनिटं, त्यातली चार राउटरचा पासवर्ड आठवण्यात गेली. तेव्हापासून आजपर्यंत एकदाही जोडणी तुटलेली नाही, आणि पावसाळ्यात लाईट किती वेळा गेली ते विचारू नका.

घ्यावं का? एक पडदा आणि माऊसवर समाधानी असाल तर नको, दोन लायसन्सचे पैसे आणि एक खोली वाचेल. पण घरात जुना संगणक धूळ खात पडला असेल आणि हातासमोर काटे हलताना बघायचे असतील तर माझ्याकडून डोळे झाकून हो. फक्त पहिल्याच दिवशी त्या दोन ओळी लिहा आणि राउटरवर पत्ता राखून ठेवा, आपोआप जोडलं गेलं तरीही.

सध्या भाच्याच्या डोक्यात तिसरा पडदा आहे, त्याच्या जुन्या लॅपटॉपवर रेडिओ आणि ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र). वायफायवर करून पाहिलं, चाललं, पण मधूनच काटा उचकी लागल्यासारखा अडखळतो. म्हणजे आणखी एक केबल आली. ती दारातून न्यायची नाही, एवढं मात्र हिने आत्ताच बजावून ठेवलंय.