बोल्डरच्या सौरवादळ सूचना: फुकट आणि चोख, पण वाचता यायला हव्यात

अमेरिकेत बोल्डर इथलं ‘नोआ’ या सरकारी हवामान-सागर संस्थेचं स्पेस वेदर प्रेडिक्शन सेंटर सौरवादळांच्या सूचना ईमेलवर फुकट पाठवतं. नोंदणी सोपी आहे. फसगत होते ती यादी निवडताना. सगळ्याच चौकटींवर टिक केलं, की के-इंडेक्स (पृथ्वीच्या चुंबकीय खळबळीचा ० ते ९ आकडा) ४च्या किरकोळ मेलांनी इनबॉक्स तुंबतो आणि कामाची मेल त्यात बुडते. जी-३ (चुंबकीय वादळांच्या जी-१ ते जी-५ मोजपट्टीवर) व त्यावरचा वॉच, के-इंडेक्स ७चं वॉर्निंग आणि एम-५ (सूर्यावरच्या स्फोटाची, म्हणजे सौरज्वालेची, ताकद) व त्याच्या वरचा एक्स-रे अलर्ट, एवढं पुरे.

वॉच म्हणजे एक ते तीन दिवस आधीचा अंदाज. वॉर्निंगला खरं वजन, कारण तोवर सौरढग (सूर्याने फेकलेला भारित कणांचा ढग) पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या यानापर्यंत पोचलेला असतो. मग हाताशी उरतात १५ ते ६० मिनिटं. एक्स-रे अलर्ट मात्र नेहमीच उशिरा येणार. ज्वालेचे क्ष-किरण प्रकाशाच्याच वेगाने येतात.

जी-मोजपट्टी ठिकाण सांगत नाही, हा मोठा दोष. १३ मार्च १९८९ला कॅनडातल्या क्यूबेकमध्ये ट्रान्सफॉर्मरांत डीसीसारखा (एकाच दिशेचा) प्रवाह शिरला, त्यांचे लोखंडी गाभे (कोअर) चुंबकत्वाने सॅच्युरेट झाले, हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतली विकृती) वाढले आणि व्होल्टेज सांभाळणारे सात कॉम्पेन्सेटर पाठोपाठ ट्रिप झाले. सुमारे ६० लाख लोक ९ तास अंधारात! ग्रिडला असा धोका मुख्यतः उत्तरेकडच्या देशांना. महाराष्ट्रात आधी बिघडतात जीपीएस आणि शॉर्टवेव्ह. अर्थात आपण अगदीच निर्धास्त नाही: सप्टेंबर १८५९च्या वादळात कुलाबा वेधशाळेत आडवं चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलं होतं.

शॉर्टवेव्हवाल्यांनी संकेतस्थळावरचा डी-रॅप नकाशा (शॉर्टवेव्ह कुठे शोषली जातेय ते दाखवणारा) बघावा. ज्वालेचा फटका उजेडाच्या बाजूलाच बसतो, त्यामुळे आपल्याकडे आणि समोरच्या स्टेशनापर्यंतच्या वाटेवरही रात्र असेल तर आर-३ची (रेडिओ बंद पडण्याच्या मोजपट्टीवरची तिसरी पायरी) मेल खुशाल सोडून द्या. वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात. साडेपाच तास मिळवा. १० मे २०२४चं वादळ जी-५ला पोचलं तेव्हा इथे ११ मेची पहाट होती. त्याच वादळात अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरांचं आरटीके (सेंटिमीटरपर्यंत अचूक) जीपीएस भरकटलं.

जमीनमोजणी आणि ड्रोनवाल्यांनी वॉर्निंग चालू असताना ‘फिक्स’ (जागा पक्की मिळाल्याची खूण) दिसतंय म्हणून भागवू नये. सुरुवातीला आणि शेवटी माहितीतल्या बिंदूवर रीडिंग घ्यावं. दोन्हींत नेहमीपेक्षा जास्त फरक पडला, तर मधली मोजणी पुन्हा करावी.