विंडोज नव्याने टाकल्यावर ड्रायव्हर कुठून घ्यावेत?
धाकट्या भावाने लॅपटॉपवर विंडोज ११ नव्याने टाकायला घेतलंय. त्याचा प्रश्न: ड्रायव्हर (वायफाय, ग्राफिक्ससारखे भाग विंडोजमध्ये चालवणारी छोटी सॉफ्टवेअरं) विंडोज अपडेटवर सोडू की लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून एकेक उतरवू?

मेहनत पाहिली तर अपडेट सरस. नेट जोडा, एक-दोनदा रीस्टार्ट करा, बरंचसं काम आपोआप होतं. राहिलेले ड्रायव्हर ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये सापडतात; तिथे सहसा कुणी डोकावत नाही. पण वायफायचाच ड्रायव्हर नसेल तर नेट कुठून आणणार? अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला मिळतं.

कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकला की नेमक्या त्याच मॉडेलचे ड्रायव्हर मिळतात. आधी चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा), मग बाकीचे. वेळ जातो, पण फिंगरप्रिंट आणि फंक्शन बटणं नीट चालतात. काही इंटेल लॅपटॉपवर (११व्या पिढीपासून पुढे) इन्स्टॉल करताना एसएसडीच (ज्यावर विंडोज टाकायचं ती डिस्क) दिसत नाही. तिथे इंटेलचा ‘रॅपिड स्टोरेज’ हा डिस्कसाठीचा ड्रायव्हर एक्स्ट्रॅक्ट करून आधीच पेनड्राइव्हवर ठेवावा लागतो. विंडोज अजून टाकलेलंच नसतं, त्यामुळे इथे अपडेट कामाचं नाही.

‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’वाली सॉफ्टवेअरं मात्र अजिबात नकोत.

ब्राउझिंग, ऑफिसचं काम एवढंच असेल तर अपडेट पुरे. गेमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर थेट एनव्हिडिया किंवा एएमडीकडून घ्यावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली हार्डवेअरची यादी) एखाद्या भागावर पिवळा त्रिकोण उरला असेल, तर कंपनीची साइट गाठा.