आइन्स्टाइन मध्यस्थ असलेली सोयरीक : ‘आय. क्यू.’

फ्रेड शेपिसी यांनी दिग्दर्शित केलेला ‘आय. क्यू.’ हा १९९४ सालचा इंग्रजी चित्रपट घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पाहावा असा आहे, आणि ज्या घरात लग्नाचा विषय चालू आहे त्या घराने तर तो अवश्य पाहावा. कथा १९५०च्या दशकातल्या प्रिन्स्टन गावात घडते. गणितात संशोधन करणाऱ्या कॅथरीनचे (मेग रायन) लग्न मानसशास्त्राच्या एका प्राध्यापकाशी ठरलेले आहे. त्यांची मोटार बिघडते, गॅरेजमधला मेकॅनिक एड (टिम रॉबिन्स) पाहताक्षणी तिच्या प्रेमात पडतो, आणि तिचे विसरलेले घड्याळ परत द्यायला तो तिच्या घरी जातो तेव्हा समोर उभे असतात तिचे मामा, अल्बर्ट आइन्स्टाइन. भाचीसाठी हाच मुलगा योग्य, असे मामा आणि त्यांचे वृद्ध शास्त्रज्ञ मित्र ठरवून टाकतात.

वॉल्टर मॅथाऊ यांचा आइन्स्टाइन हा या चित्रपटाचा प्राण आहे. एडच्या मोटारसायकलवर बसून आनंदाने ओरडणारा हा म्हातारा कुठेही थोर पुरुषाचा पुतळा होत नाही. मात्र सर्वांत सुंदर प्रसंग कॅथरीन आणि एड यांचाच आहे. दोघांमधले अंतर प्रत्येक वेळी निम्मेच कापत गेले तर ती एकमेकांपर्यंत कधीच पोहोचणार नाहीत, हे ग्रीक तत्त्वज्ञ झेनोचे प्राचीन कोडे ती त्याला समजावून सांगते, आणि तो मात्र पावले टाकत तिच्याजवळ येऊन पोहोचतो. तिचे गणित खोटे पडत नाही आणि त्याचे साधेपणही कमी ठरत नाही. प्रेमपटात असा समतोल क्वचितच साधतो.

याच कारणाने पुढची युक्ती मला खटकली. एड मोठा शास्त्रज्ञ आहे असे भासवण्यासाठी आइन्स्टाइन त्याला आपले जुने संशोधन देतात, आणि बुद्ध्यंकाच्या चाचणीत त्यांचे मित्र त्याला खाणाखुणांनी उत्तरे सुचवतात. प्रसंग हसवतात, पण राजापूर आणि लांजा तालुक्यांत पुष्कळ सोयरिकी जुळवलेल्या आमच्या मावशींनी पाहता पाहताच नापसंती दाखवली. मध्यस्थाने स्थळ फुगवून सांगितले की निस्तरायचे नव्या जोडप्याला लागते, असे त्यांचे म्हणणे, आणि मला ते पूर्णपणे पटते. आज कोकणात आंब्याची बाग सांभाळणाऱ्या किंवा स्वतःचे गॅरेज चालवणाऱ्या कर्तबगार मुलांची स्थळे केवळ मुंबई-पुण्याची नोकरी नाही म्हणून बाजूला पडतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरच्या इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दोष सांगणारा मेकॅनिक ज्याने पाहिला आहे, त्याला एडच्या बुद्धीसाठी वेगळा पुरावा लागत नाही. एडला उसन्या विद्वत्तेची झूल पांघरवून पटकथेने स्वतःच्याच नायकावर थोडा अविश्वास दाखवला आहे.

इतिहास म्हणून या कथेकडे पाहू नये. कॅथरीन हे काल्पनिक पात्र आहे. मामांच्या वृद्ध मित्रांपैकी तर्कशास्त्रज्ञ कर्ट गेडेल आइन्स्टाइन यांचे खरोखरच जिवलग मित्र होते आणि प्रिन्स्टनमधल्या आपल्या संशोधन संस्थेतून दोघे बोलत बोलत घरी परतत असत. परंतु गेडेल यांचा जन्म १९०६चा, म्हणजे ते आइन्स्टाइनपेक्षा २७ वर्षांनी लहान होते. चित्रपटात मात्र ते त्यांच्याच वयाचे दिसतात. त्या मित्रांमधलेच भौतिकशास्त्रज्ञ बोरिस पोडोल्स्की यांचे नाव पुंजभौतिकीवरच्या १९३५ सालच्या प्रसिद्ध शोधनिबंधात आइन्स्टाइन आणि रोझेन यांच्याबरोबर आहे, एवढे माहीत असले तर म्हाताऱ्यांच्या गप्पांची गंमत वाढते.

स्टीफन फ्राय यांनी रंगवलेला वाग्दत्त वर एकसुरी लिहिला गेला आहे, त्यामुळे कॅथरीनपुढची निवड फार सोपी होते. तरीही दीड तासाच्या या चित्रपटात अश्लीलता नाही, मारामारी नाही, आणि कुणाचा अपमान करून मिळवलेला विनोदही जवळजवळ नाही. मॅथाऊ यांचे जर्मन वळणाचे इंग्रजी घरातल्या ज्येष्ठांना चटकन कळत नाही, म्हणून उपशीर्षके असलेली प्रत मिळवावी.