लघवीतून दारूची तपासणी : कोणती, कोणासाठी आणि किती तासांपर्यंत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरींचे गठ्ठे भरून पुण्याकडे किंवा हैदराबादकडे गाड्या सोडणारा वाहतूकदार आणि व्यसनमुक्ती केंद्रातून नुकत्याच घरी परतलेल्या माणसाची पत्नी, हे दोघेही लॅबमध्ये एकच प्रश्न विचारतात : दारू लघवीत किती वेळ सापडते? मात्र पहिल्याला चालक या घडीला गाडी चालवण्याच्या स्थितीत आहे का हे जाणून घ्यायचे असते, तर दुसरीला गेल्या दोन-तीन दिवसांत नवरा प्यायला का, हे. या दोन गरजांसाठी तपासण्याही दोन आहेत आणि ‘लघवीची टेस्ट’ या एकाच नावाखाली त्या मागितल्या गेल्या की गोंधळ होतो.

पहिल्या तपासणीत लघवीतील प्रत्यक्ष अल्कोहोल मोजतात. प्यालेल्या अल्कोहोलपैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग यकृतात जळतो आणि अगदी थोडा भाग श्वास, घाम व लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. रक्तातील प्रमाण साधारणपणे तासाला १०० मिलिलिटरमागे १५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरते. ताक, लिंबूपाणी किंवा काळी कॉफी घेऊन हा वेग वाढत नाही, कोणी कितीही शपथेवर सांगितले तरी. सुमारे ७० किलो वजनाच्या पुरुषाने रात्री दहाच्या सुमारास एक क्वार्टर, म्हणजे ४२.८ टक्के अल्कोहोल असलेली १८० मिलिलिटर दारू, रिकाम्या पोटी घेतली तर ढोबळ हिशेबाने पहाटे चारला त्याच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ३५ ते ४० मिलिग्रॅम अल्कोहोल शिल्लक असू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे, त्यामुळे झोप काढून पहाटे स्टिअरिंगवर बसलेला चालकही दोषी ठरू शकतो. सकाळी सातपर्यंत त्याचा श्वास जवळजवळ स्वच्छ होईल, लघवीत मात्र अल्कोहोल आणखी काही तास सापडेल, कारण मूत्राशयात साठलेली लघवी आधीच्या तासांची असते. लघवीत अल्कोहोल सापडण्याची ही मुदत सहसा १२ तासांच्या आसपास आणि फार प्यायल्यास क्वचित २४ तासांपर्यंत जाते.

दुसरी तपासणी इथाइल ग्लुकुरोनाइडची, म्हणजेच ईटीजीची. यकृतात अल्कोहोलचा अत्यल्प अंश या पदार्थात बदलतो आणि अल्कोहोल संपल्यावरही तो लघवीत रेंगाळतो. थोडे प्यायल्यास एक दिवसापर्यंत, बऱ्यापैकी प्यायल्यास ४८ तासांपर्यंत आणि भरपूर प्यायल्यास ७२ तास किंवा त्याहून थोडे अधिक, असा त्याचा अंदाज आहे. जाहिरातींत छापलेले ‘८० तास’ सर्वांना लागू नाहीत.

ईटीजीत निर्णायक ठरतो तो कटऑफ, म्हणजे ज्या प्रमाणापासून वर अहवाल ‘पॉझिटिव्ह’ धरतात ती रेषा. मिलिलिटरमागे १०० नॅनोग्रॅमचा कटऑफ ठेवला तर एकदा घेतलेली दारू जास्त काळ पकडली जाते, पण दिवसभर सॅनिटायझर लावणारा किंवा अल्कोहोलयुक्त माउथवॉश वापरणारा माणूसही त्यात अडकू शकतो. ५०० चा कटऑफ असे बहुतेक खोटे इशारे गाळतो, पण त्यात परवाची थोडीशी दारू निसटते. ज्या घरात अहवालावरून भांडण पेटण्याची शक्यता आहे, तिथे माझ्या मते ५०० चाच आग्रह धरावा. शिवाय अहवालात क्रिएटिनिन, म्हणजे लघवी किती दाट की पातळ हे दाखवणारा शरीरातील टाकाऊ पदार्थ, पाहावे. ते डेसिलिटरमागे २० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर नमुना पाणी पिऊन पातळ झालेला असू शकतो आणि त्यावरचा ‘निगेटिव्ह’ फारसा भरवशाचा नाही.

नमुन्याची हाताळणी सोलापूरच्या उन्हाळ्यात विशेष महत्त्वाची आहे. मधुमेही व्यक्तीच्या लघवीत साखर आणि यीस्ट दोन्ही असतील आणि बाटली दुपारभर गरम खोलीत पडून राहिली, तर बाटलीतच आंबून अल्कोहोल तयार होते आणि थेंबही न घेतलेला माणूस पहिल्या तपासणीत पकडला जातो. म्हणून नमुना आंबणे रोखणारे सोडियम फ्लुओराइड असलेल्या बाटलीत घेऊन थंड ठेवावा. उलट मूत्रमार्गाच्या संसर्गातील ई. कोलाय जिवाणू ईटीजीच मोडून टाकू शकतात. अशा वेळी सोबत इथाइल सल्फेट, म्हणजे ईटीएस हा अल्कोहोलपासूनच बनणारा दुसरा पदार्थ, मोजून घेणे हा चांगला उपाय आहे.

वाहतूकदाराने लघवीच्या फंदात पडू नये. गाडी सुटण्याआधी, काही खाल्ल्या-प्यायल्यावर किंवा माउथवॉश वापरल्यावर १५ मिनिटे थांबून घेतलेली श्वासाची तपासणी त्याला हवे ते उत्तर जागेवर देते. ईटीजी त्याच्या शुद्धीवर असलेल्या चालकालाही परवाच्या पिण्यावरून घरी बसवेल. पत्नीसाठी मात्र ईटीजीच योग्य, पण नवऱ्याच्या संमतीने, समुपदेशकाशी बोलून आणि वार आधी न सांगता आठवड्यातून दोनदा, कारण ठरलेल्या सोमवारसाठी शुक्रवारपासून थांबणे अनेकांना जमते. महिन्याभराचा अंदाज हवा असेल तर रक्तातील पीईटीएच (अल्कोहोलपासून बनणारा फॉस्फॅटिडिलइथेनॉल हा पदार्थ) ही तपासणी दोन ते चार आठवड्यांपर्यंतचे पिणे दाखवते, तर केसांतील ईटीजी काही महिन्यांपर्यंतचे. लॅबमध्ये पैसे भरण्याआधी तपासणीचे नेमके नाव, कटऑफ आणि झटपट तपासणीच्या पट्टीवर ‘पॉझिटिव्ह’ आल्यास मास स्पेक्ट्रोमेट्री या अधिक अचूक यंत्रतपासणीने खातरजमा होणार का, एवढे तीन मुद्दे पावतीवर लिहून घ्यावेत.